रेफरन्स लिस्ट काल नीट केली, आज पुन्हा बिघडली? मग या क्रमाने तपासा

आधी लक्षणं बघा. यातली दोन-तीन जरी जुळली तरी तुमचा आजार हाच.

मजकुरात सगळीकडे (देशमुख, २०१५) असं येतंय आणि मधेच एका ठिकाणी (एस. देशमुख, २०१५) असं इनिशियलसकट उगवतं.

वर्षाला शेपूट फुटतं, २०१९ए, २०१९बी. तुम्ही तर त्या माणसाचा एकच पेपर वाचलाय.

जागतिक आरोग्य संघटना माणूस होते. यादीत 'ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.' असं छापून येतं, जणू कोणी ऑर्गनायझेशन आडनावाचे काका आहेत.

एखादं टायटल पूर्ण कॅपिटलमध्ये ओरडत असतं, बाकीची गुमान बसलेली.

पुस्तकावर वर्ष ढळढळीत छापलंय तरी 'एन. डी.' (नो डेट, म्हणजे तारीख नाही) येतं.

नंबरवाली स्टाइल असेल तर मधे एक नवा संदर्भ घातला की पुढचे काही नंबर हलतात, काही जागचे हलत नाहीत.

मराठी पुस्तकं यादीच्या शेवटी जाऊन बसतात आणि त्यांची अक्षरं बाकीच्यांपेक्षा बारीक दिसतात.

आणि सगळ्यात डोकं फिरवणारं म्हणजे हे सगळं तुम्ही काल रात्री दोन वाजेपर्यंत बसून एकेक ओळ हाताने नीट केलेलं असतं, आणि आज एक नवीन रेफरन्स टाकला की सगळं होतं तसंच परत.

नागपूरच्या धरमपेठेत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, थीसिसचं टायपिंग, सेटिंग, प्रिंट, बाइंडिंग. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत कूलर घरघरतोय आणि काउंटरवर कोणी ना कोणी पेनड्राइव्ह घेऊन उभं, "भाऊ, काल तं सारं बरोबर होतं नं, रात्रीतून काय झालं याले?" इतक्या वेळा ऐकलंय की आता फाईल उघडायच्या आधीच सांगतो, रात्रीतून काही झालेलं नाही. तुम्ही कागदावर रंग मारला, भिंतीतली ओल तशीच आहे. झोटेरो, मेंडले ही संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअरं घ्या, अगदी वर्डचं स्वतःचं साधन घ्या, पानावर दिसणारी यादी ही फक्त छापील प्रत असते, खरी माहिती आत रेकॉर्डमध्ये असते. पानावर सुधारलं की पुढच्या रिफ्रेशला (सॉफ्टवेअर यादी नव्याने भरतं तेव्हा) आतली चूक पुन्हा वर येणार. म्हणून खालची सगळी तपासणी बाहेरून आत जाणारी आहे, फुकटची आणि सोपी आधी, किचकट शेवटी.

सुरू करायच्या आधी एकच काम करा, फाईलची कॉपी काढा आणि नावात तारीख टाका. 'फायनल', 'फायनल फायनल', 'मॅडम फायनल' अशी नावं देऊ नका राजेहो, मी एकदा एकाची 'फायनल ५' प्रिंट करून बाइंडिंगला दिली, आणि खरी होती 'फायनल ३'.

१. स्टाइल कोणती आणि आवृत्ती कोणती

स्टाइल म्हणजे संदर्भ लिहायची ठरलेली पद्धत, जशी एपीए. गाईडला एक फोन, पाच मिनिटं, खर्च शून्य. तरी हे कोणी विचारत नाही. "एपीए सांगितलंय" एवढ्यावर लोक कामाला लागतात, आणि एपीएच्या सहाव्या आणि सातव्या आवृत्तीत बराच फरक आहे. सातवी २०१९ च्या ऑक्टोबरात आली (तिच्या स्वतःच्या पुस्तकावर वर्ष २०२० आहे, म्हणजे तिचा संदर्भ देतानाही लोक चुकतात). ओळखायची खूण सांगतो. पुस्तकाच्या संदर्भात प्रकाशकाच्या आधी गावाचं नाव असेल तर ती सहावी, सातवीत गाव काढून टाकलंय. तीन लेखक असलेला पेपर पहिल्यांदा आला तेव्हा तिघांची नावं लिहिली असतील तर सहावी, सातवीत तीन किंवा जास्त लेखक असले की पहिल्याच वेळेपासून 'एट अल', म्हणजे पहिलं नाव आणि 'व इतर'. डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ओळख क्रमांक, सातवीत पूर्ण लिंकच्या रूपात येतो, आधी 'डीओआय' असा शब्द लावत नाहीत. यादीत सातवीला वीस लेखकांपर्यंत सगळ्यांची नावं द्यावी लागतात, सहावीत सातपर्यंतच होती.

आता गंमत अशी की बऱ्याच जणांकडच्या जुन्या वर्डमध्ये रेफरन्सेस टॅबमध्ये जे एपीए दिसतं ते सहावंच आहे. तुम्ही कितीही मन लावून भरा, ते गाव छापणारच. हा बिघाड नाही, तिथं चुकीचा साचा आहे. एमएलए या दुसऱ्या स्टाइलचंही तेच, नववी आवृत्ती २०२१ ची आहे आणि जुन्या वर्डमध्ये सातवी बसलीय.

गाईड आणि विद्यापीठाचं माहितीपत्रक वेगवेगळं सांगत असेल तर दोन्हीचा फोटो काढून गाईडला पाठवा आणि उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल. हे न करता पुढे गेलात तर बाकीचं सगळं काम दोनदा होईल.

२. यादी जिवंत आहे की मेलेली

संदर्भावर क्लिक करा. मागे राखाडी पट्टा आला तर तो जिवंत, म्हणजे फील्ड आहे, सॉफ्टवेअरशी जोडलेला आहे. काहीच आलं नाही तर तो साधा टाइप केलेला मजकूर. काही वर्डमध्ये राखाडी पट्टा बंद केलेला असतो, मग अल्ट आणि एफ९ दाबा, झोटेरोच्या जिवंत संदर्भांच्या जागी महिरपी कंसातले लांबलचक कोड दिसतील, मेलेले होते तसेच राहतील. घाबरू नका, पुन्हा अल्ट एफ९ दाबलं की पूर्ववत.

माझ्या अंदाजाने दुकानात येणाऱ्या निम्म्या फाईलींचा रोग इथेच सापडतो. पहिली दोन प्रकरणं झोटेरोने, तिसरं घाईत हाताने, चौथं मैत्रिणीने तिच्या लॅपटॉपवर मेंडलेत करून दिलं, अशी तीन घरची भावंडं एका फाईलीत राहतात. नंबर अर्धे हलतात अर्धे नाही ते यामुळेच, जे हलत नाहीत ते हाताने लिहिलेले असतात.

दुसरं कारण म्हणजे फाईलचा प्रवास. गाईडने ती मोबाईलवरच्या भलत्याच ॲपमध्ये उघडली, दोन शब्द सुधारले, सेव्ह केली, आणि फील्ड गेले. गूगल डॉक्समधून थेट डाउनलोड करून वर्डमध्ये आणली तरी झोटेरोचे संदर्भ तुटतात. त्यासाठी झोटेरोच्या डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये दुसऱ्या वर्ड प्रोसेसरला जायचं वेगळं बटण आहे, आधी ते दाबायचं, मग डाउनलोड, मग वर्डमध्ये उघडून पुढे जायचं. गाईडला शक्यतो पीडीएफ द्या आणि करेक्शन त्यावरच घ्या, मूळ फाईल तुमच्याकडेच राहू द्या.

मेलेले संदर्भ दहा-वीस असतील तर हाताने पुन्हा जिवंत करा, म्हणजे ते खोडून सॉफ्टवेअरमधून परत घाला, एका संध्याकाळचं काम आहे. दोनशे असतील तर शेवटी लिहिलंय ते वाचा.

पूर्ण थीसिसच हाताने लिहिलेला असेल, सॉफ्टवेअर नावालाही नाही, तरी काही बिघडत नाही, तेही चालतं. फक्त दोन सवयी सोडा. दुसरी ओळ आत ढकलायला एंटर मारून स्पेसबार बडवू नका, परिच्छेद सिलेक्ट करून कंट्रोल टी दाबा, लटकता इंडेंट आपोआप येतो. आणि एका संदर्भाच्या पोटात एंटर नको, कारण यादी सॉर्ट करताना वर्ड प्रत्येक एंटरला नवा संदर्भ समजतो आणि अर्धा पेपर 'जे' मध्ये, अर्धा 'पी' मध्ये जाऊन पडतो.

३. हजेरी

मजकुरात आहे ते यादीत आहे का, यादीत आहे ते मजकुरात आहे का. जिवंत फाईलला हे फारसं लागत नाही, हाताच्या किंवा मिश्र फाईलला शंभर टक्के लागतं. यादीची प्रिंट काढा, पेन्सिल घ्या, आणि वर्डमध्ये फाइंडला आधी स्वल्पविराम, स्पेस, वीस हे टाकून शोधा, मग तसंच एकोणीस टाकून, आणि नुसत्या वर्षाच्या कंसांसाठी स्वल्पविराम-स्पेसच्या जागी उघडा कंस टाकून पुन्हा. प्रत्येक कंस समोर येत जातो, यादीत खूण करत जा. मराठी थीसिस असेल तर हे देवनागरी अंकांनी आणि इंग्रजी अंकांनी असं दोनदा करा, कारण दोन्ही प्रकारचे आकडे एकाच फाईलीत हमखास असतात. शेवटी ज्याच्यापुढे खूण नाही तो यादीत उपरा, आणि जो कंस यादीत सापडला नाही तो अनाथ. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) परीक्षक नेमका अनाथावर बोट ठेवतात.

हे करताना वर्ष आणि स्पेलिंगही जुळतंय का बघून घ्या. वानखेडे एका ठिकाणी 'डब्ल्यू'ने आणि दुसरीकडे 'व्ही'ने असं फार होतं.

४. नावं, म्हणजे खरं दुखणं

इथून आपण आत शिरतो. एका बाईंची फाईल आली होती, समाजशास्त्राची. एस. देशमुख नावाच्या लेखकाचे चार संदर्भ. मजकुरात कुठे नुसतं देशमुख, कुठे एस. देशमुख, कुठे एस. के. देशमुख. बाईंनी ते सगळे हाताने काढून 'देशमुख' करून ठेवले होते, तीनदा. झोटेरो उघडून बघितलं तर एका रेकॉर्डमध्ये 'देशमुख, एस.', दुसऱ्यात 'देशमुख, एस. के.', तिसऱ्यात पूर्ण नाव, आणि चौथ्यात आडनावाच्या खान्यात 'डॉ. देशमुख'. आपल्याला कळतं की हा एकच माणूस, सॉफ्टवेअरला ते चार वेगळे देशमुख दिसतात. आणि एपीएचा नियमच आहे की एकाच आडनावाचे वेगवेगळे पहिले लेखक असतील तर वाचकाचा गोंधळ नको म्हणून इनिशियल लावा. म्हणजे सॉफ्टवेअर बिचारं नियमाने वागत होतं. चारही रेकॉर्डमध्ये नाव अक्षरशः सारखं केलं, टिंब आणि स्पेससकट, रिफ्रेश मारला आणि चारही ठिकाणी नुसतं देशमुख. बाई म्हणाल्या, "एवढंच होतं का भाऊ?" एवढंच होतं.

मात्र खरोखरच दोन वेगळे देशमुख असतील तर ते इनिशियल बरोबर आहेत, त्यांना हात लावू नका. आपल्याकडे देशमुख, मेश्राम, पाटील, वानखेडे किती आहेत सांगायला नको.

वर्षाला ए-बी लागण्याचं कारणही असंच, तोच पेपर झोटेरोच्या लायब्ररीत, म्हणजे साठवलेल्या रेकॉर्डांत, दोनदा शिरलाय. एकदा गूगल स्कॉलरवरून, एकदा जर्नलच्या साइटवरून. झोटेरोमध्ये डावीकडे डुप्लिकेट आयटम्स आहे, तिथं जाऊन दोन्ही मर्ज करा. नीट ऐका, मर्ज करा, एक डिलीट करू नका. मर्ज केलं तर थीसिसमधले जुने संदर्भ नव्या एकत्र रेकॉर्डला जोडलेले राहतात. डिलीट केलं तर पानावरचा संदर्भ दिसत राहतो पण त्याचा मालक गेलेला असतो, मग लायब्ररीत काहीही सुधारा, पानावर काही बदलत नाही, आणि तुम्ही मला शिव्या देता.

संस्थेचं नाव उलटं होतं कारण ते आडनाव आणि नाव अशा दोन खान्यांत विभागलं गेलंय. झोटेरोत लेखकाच्या ओळीशेजारी छोटं बटण असतं, ते दाबलं की दोन खान्यांचं एक होतं, मग पूर्ण नाव त्यात. मंत्रालय, आयोग, महामंडळ, सगळ्यांना हेच औषध. 'डॉ.', 'प्रा.', 'सर', 'श्री.' हे रेकॉर्डमध्ये कुठेच नको. आपल्याकडे आदराने लिहायची सवय आहे ते ठीक, पण आडनावाच्या खान्यात डॉ. गेलं की तो लेखक 'डी'खाली जाऊन बसतो.

५. आयटमचा प्रकार, वर्ष, टायटल

ब्राउझरमधून सेव्ह करताना झोटेरोचं चिन्ह बघायची सवय लावा. कागदाचं चिन्ह असेल तर तो लेख म्हणून जातो, नुसत्या वेबपेजचं असेल तर वेबपेज म्हणून. वेबपेज म्हणून गेलेल्या रेकॉर्डला खंड-अंकाचे खानेच नसतात, मग यादीत ते कुठून येणार. रेकॉर्ड उघडा, सगळ्यात वरचा प्रकार बदला, खाने उघडतील, भरा.

पीएचडीचे प्रबंध शोधगंगेवरून (भारतातल्या प्रबंधांच्या साइटवरून) घेत असाल तर वर्ष प्रबंधाच्या मुखपृष्ठावरचं घ्या, साइटवर चढवल्याची तारीख नाही. जुन्या मराठी पुस्तकांवर कधी फक्त शके असतं, ते तसंच तारखेच्या खान्यात टाकलं तर पुस्तक एकदम अठ्ठ्याहत्तर वर्षांनी म्हातारं होतं. शके १९०५ मध्ये ७८ मिळवा, १९८३. फाल्गुन-बिल्गुन छापलं असेल तर पुढचं इसवी वर्ष लागू शकतं, तेवढं बघा. 'एन. डी.' येण्याचं कारण बहुतेक वेळा तारखेचा खाना रिकामा असणं एवढंच असतं.

कॅपिटलमध्ये ओरडणाऱ्या टायटलवर झोटेरोत राइट क्लिक करा, ट्रान्सफॉर्म टेक्स्टमधून सेंटेन्स केस, म्हणजे फक्त पहिलं अक्षर कॅपिटल. मग नागपूर, विदर्भ, इंडिया अशी नावं पुन्हा कॅपिटल करा, ते त्याला कळत नाही. लायब्ररीत सगळी टायटलं सेंटेन्स केसमध्येच ठेवा, एमएलएसारख्या स्टाइलला शब्दागणिक कॅपिटल लागले तर सॉफ्टवेअर स्वतः करतं, उलटं करणं त्याला जमत नाही.

पान नंबर पानावर टाइप करायचा नाही. संदर्भावर क्लिक करून एडिट, तिथं पानाचा खाना आहे. पानावर हाताने लिहिलात की पुढच्या वेळी झोटेरो विचारतो, तुम्ही हा संदर्भ बदललाय, तसाच ठेवू का? हो म्हटलं की तो संदर्भ पुढे कधीच अपडेट होत नाही, नाही म्हटलं की तुमचा पान नंबर गेला. 'देशमुख म्हणतात' असं वाक्यात आलं असेल आणि कंसात फक्त वर्ष हवं असेल तर त्यालाही तिथंच लेखक वगळायची चौकट आहे, कंसातलं नाव बॅकस्पेसने खोडायचं नाही.

आणि डीओआय. प्रत्येक डीओआय ब्राउझरमध्ये टाकून बघा, प्रत्येक. तोच पेपर उघडतो का? हल्ली एआयला विचारून आणलेले संदर्भ येतात, लेखक खरा, जर्नल खरं, वर्ष बरोबर वाटतं, आणि पेपर अस्तित्वातच नाही. मी सेटिंग परफेक्ट करून देईन हो, पण नसलेल्या पेपरचं.

६. मराठी संदर्भ

अक्षर बारीक दिसण्याचं कारण वर्डमध्ये आहे. देवनागरीचा फॉन्ट आणि साइज तो 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' या वेगळ्या खान्यातून घेतो. तुम्ही वर बारा केलंत, खालचा खाना दहावरच. बिब्लिओग्राफी नावाच्या स्टाइलवर राइट क्लिक, मॉडिफाय, फॉन्ट, आणि तिथं दोन्ही खाने भरा. यादी सिलेक्ट करून वरून साइज बदलू नका, रिफ्रेशला परत जाईल.

कृतिदेव या जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. कृतिदेव संगणकाला मराठी वाटतच नाही, तो इंग्रजी अक्षरंच वाचतो, त्यामुळे सॉर्टिंग वेडंवाकडं आणि फॉन्ट बदलला की नुसता कचरा.

मराठी आणि इंग्रजी एकाच यादीत की दोन याद्या, हे पहिल्याच फोनवर विचारून घ्या. मराठी थीसिसला दोन याद्या वाचायला बऱ्या पडतात असं माझं मत. इंग्रजी थीसिसमध्ये एपीएप्रमाणे मराठी पुस्तकाचं नाव रोमन लिपीत आणि पुढे चौकोनी कंसात इंग्रजी अर्थ असं जातं. मराठी थीसिसमध्ये 'एट अल' च्या जागी 'व इतर' हवं असेल तर ते अगदी शेवटी, संदर्भ सोडवलेल्या, म्हणजे सॉफ्टवेअरपासून तोडलेल्या, कॉपीवर, फाइंड-रिप्लेसने.

७. तरीही एरर

रेकॉर्ड सगळे स्वच्छ, तरी रिफ्रेश मारला की वर्ड अडकतो किंवा एरर देतो, म्हणजे एखादं फील्ड फाटलंय. कोणतं ते शोधायला फाईल अर्धी करा. पहिला अर्धा भाग नव्या फाईलीत टाका, रिफ्रेश. चालला तर दोष दुसऱ्या अर्ध्यात, मग त्याचे दोन भाग. सहा-सात वेळा असं केलं की एका परिच्छेदावर येता. तो संदर्भ खोडून नव्याने घाला. कंटाळवाणं आहे पण हमखास लागू पडतं.

सबमिशनची फाईल देताना कॉपीवर अनलिंक करा, झोटेरोत बटण आहे, किंवा सगळं सिलेक्ट करून कंट्रोल शिफ्ट एफ९. या दुसऱ्याने अनुक्रमणिकेसकट सगळीच फील्ड मरतात, म्हणून फक्त कॉपीवर. मूळ फाईल जिवंत ठेवा, व्हायवानंतर करेक्शन येतातच.

कधी थांबायचं

मेलेले संदर्भ शंभराच्या वर आणि सबमिशन आठवड्यावर आलंय तर स्वतः बसू नका, जागरणात नव्या चुका होतात. फाईल उघडतानाच वर्ड रिपेअर करायला विचारत असेल तरीही थांबा, वर वर सेव्ह करत राहिलात तर उरलेलंही जाईल. आधी कॉलेजच्या किंवा विभागाच्या ग्रंथपालांकडे जा, ते फुकट आहे आणि पुष्कळ ग्रंथपालांना हे आमच्यापेक्षा चांगलं येतं. नंतर माझ्यासारख्याकडे. दुकानदाराला एकच विचारा, "फाईल जिवंत परत द्याल का?" तो "म्हणजे काय?" म्हणाला तर पेनड्राइव्ह खिशात ठेवा आणि पुढचं दुकान बघा.

सिमिलॅरिटी रिपोर्टची (मजकूर इतरांशी किती टक्के जुळतो त्याची) भानगड असेल तर तो डीटीपीवाल्याचा विषय नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही आणि संदर्भयादी, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश मोजणीतून वगळायचे असतात, तुमच्या रिपोर्टमध्ये यादी मोजली गेली असेल तर तो रिपोर्ट घेऊन गाईडकडे जा. कोणी पैसे घेऊन टक्के कमी करून देतो म्हणाला तर उठून या.

आणि ज्या संदर्भाचा मूळ पेपर, पुस्तक, काहीच तुम्हाला सापडत नाही, तो आणून मला 'जरा एपीएत बसवून द्या' म्हणू नका. तो गाईडसमोर ठेवा आणि त्याच्यावर उभं असलेलं वाक्य ठेवायचं की काढायचं ते त्यांना विचारा. यादीतली ओळ तुम्ही ठरवाल तशी मी दहा मिनिटांत करून देतो.